मसुरीएवढ्या चार ग्रंथी

माय, तुला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि आज मी तुझ्यासारखीच मानेतली गाठ घेऊन नांदेडच्या दवाखान्यात ॲडमिट आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. मघाशी डॉक्टरीणबाईंनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि थायरॉईडच्या मागे पेनाने चार ठिपके दिले. म्हणाल्या, "या पॅराथायरॉईड ग्रंथी. मसुरीएवढ्या असतात, पण रक्तातलं कॅल्शियम याच सांभाळतात. गाठ काढताना यांना धक्का लागला, तर ओठांना, बोटांना मुंग्या येतील. लगेच सांगायचं."

तुझं ऑपरेशन झालं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. टाके नीट वाळायच्या आत तू कळमनुरीच्या बाजारात बांगड्यांची पथारी मांडलीस, गळ्याभोवती पदर घट्ट घेऊन. एक नवी नवरी समोर बसलेली आहे, तिचा हात तुझ्या हातात आहे. बांगडी चढवताना बायका बोटं जुळवून अंगठा आत घेतात, तशी तुझीच बोटं आपोआप जुळतात आणि तशीच ताठ राहतात. हिरवी बांगडी फुटते. नवरीची सासू तिला ओढून उठवते. "अवं, चल! हिच्या अंगात काय तरी शिरलंय."

"हात सुटंना गं," तू म्हणालीस. "तोंडाला बी मुंग्या येऊन राहिल्या."

"लोक बघून राहिलेत, माय. नाटकं करू नको," मी तुझ्या कानाशी पुटपुटले.

त्यानंतर बायका तुझ्याकडून बांगड्या भरून घ्यायला बिचकू लागल्या. माझ्या बापूंनी दृष्ट काढली, धुपाची धुरी दिली, गळ्यात ताईत बांधला. तरी हात आखडायचेच. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टराने शिरेतून सावकाश कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि तुझी बोटं आमच्यासमोर मोकळी झाली. गोळ्या लिहून देताना त्याने मला जवळ बोलावलं. "या जन्मभर घ्यायच्या. एक दिवसही चुकवू नका. लक्ष तू ठेवायचं." दीड वर्ष मी ठेवलंही.

मग पंचमीच्या आधीचा तो बाजार. गोळ्या संपून तीन दिवस झाले होते. औषधाचं दुकान रस्त्यापलीकडे, पथारीवरून दिसायचं. "जाऊन ये ना गं लेकी," तू दोनदा म्हणालीस. मी म्हणाले, "जाते ना, काहून घाई करून राहिलीस?" तासाभरात तुझं अंग ताठ झालं. घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, श्वास आत जाईना. जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. हिंगोली यायच्या आधीच तो आवाज थांबला.

बापू मरेपर्यंत म्हणत राहिले, कोणाची तरी नजर लागली. मी त्यांना म्हणू दिलं.

आत्ता मी लेकीला खाली कॅल्शियमच्या गोळ्या आणायला पाठवलंय. "अजून ऑपरेशन बी न्हाई झालं, मम्मी," ती कुरकुरत गेली. ती सतरा वर्षांची आहे. ती वर यायच्या आत तुला लिहिलेला हा कागद फाडून टाकणार आहे.

मी सगळ्यांना सांगितलं, त्या दिवशी बाजारात गर्दी होती, गिऱ्हाईक सोडून उठता आलं न्हाई. गर्दी न्हवती, माय. मला उठायचा कंटाळा आला होता.