सहा वाजताचा पहारा

३ एप्रिल

पोचले बाई एकदाची! नातेपुत्याहून एसटीत बसले तेव्हा कॅमेऱ्याची बॅग मांडीवर, स्टँड पायांत आणि लाइटचं खोकं शेजारच्या आजींच्या मांडीवर होतं. आजींनी तीनदा विचारलं, ह्यात काय हाय गं. शेवटी मी सांगितलं, ऊन हाय. त्यांनी खोकं लगेच परत दिलं.

काम मात्र झकास मिळालंय. बाळीवेशीत शिवशरणअप्पा राहतात. वय सत्तरीच्या पुढे, आधी चादरींचे ठोक व्यापारी, आता दुकान पुतण्याकडे. त्यांना खेळण्यातले सैनिक जमवायचा नाद आहे. नुसते जमवत नाहीत, त्यांना राहायला बर्फाळ मुलूख करून देतात. माडीवर सात टेबलं आणि सातही टेबलांवर हिवाळा! त्याचं फोटोंचं पुस्तक करायचंय. मी महिनाभर माडीवरच्याच खोलीत राहायचं, जेवायचं नीलम्मांच्या हातचं. नीलम्मा म्हणजे अप्पांच्या पत्नी. पहिल्याच ताटात कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वर दह्याचा गोळा. सृष्टी पवार, तुझं नशीब उघडलं.

लग्नांचे फोटो काढून काढून मी विटले होते. इथली माणसं दोन इंचांची आहेत, डोळे मिटत नाहीत आणि आत्याला पण घ्या म्हणत नाहीत. धाकट्या बहिणीला, अपेक्षाला, फोनवर सगळं सांगितलं. बारावीचा निकाल लागेपर्यंत ती मोकळीच आहे. मी पण येते म्हणून मागे लागलीय. म्हटलं, आधी मला नीट बसू दे.

५ एप्रिल

बर्फ कशाचा करतात ते आज कळलं. चादरीच्या कारखान्यातला पांढरा कापसाचा भुगा, डिंक आणि वरून चाळणीने खायचा सोडा. अप्पा हे इतक्या गंभीर चेहऱ्याने करतात की हसूही येतं आणि मायाही वाटते. बाहेर बेचाळीस अंश तापमान, पंखा बंद (सोडा उडतो म्हणून), अप्पा घामाने निथळत हिमवादळ चाळतायत.

सातवं टेबल सगळ्यात मोठं. उंच खिंड, खाली छोटा तंबू, तंबूत बारीक शेगडीभोवती अकरा सैनिक. बारावा बाहेर कड्यावर बंदूक घेऊन एकटा. शिशाचे जुने सैनिक, अप्पांनीच रंगवलेले. बाहेरच्याच्या भुवयांवर त्यांनी सुईच्या टोकाने हिमाचे कण ठेवलेत. असलं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

९ एप्रिल

अप्पांची एक पद्धत आहे. रोज संध्याकाळी सहाला ते सातव्या टेबलापाशी येतात, बाहेरच्या पहारेकऱ्याला चिमटीत धरून तंबूत शेगडीपाशी ठेवतात आणि आतला एक बाहेर उभा करतात. ठेवताना पुटपुटतात, तू जा, हा थांबतो. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही म्हणाले. मग, नाही, एकदा चुकला होता, असं म्हणाले आणि चहाचं विचारलं.

मुलाबद्दल नीलम्मांनी सांगितलं. सोमेश फौजेत होता. वर बर्फातल्या चौकीवर त्याची पाळी संपली, पण वादळामुळे बदलीचा माणूस पोचलाच नाही. दोन दिवसांनी सापडला तेव्हा तो उभाच होता म्हणे. त्यानंतरच अप्पांनी ही टेबलं करायला घेतली. कुणीही एका रात्रीहून जास्त बाहेर थांबायचं नाही, हा त्यांचा नियम.

१४ एप्रिल

पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो डोळ्यांसमोर आलाय! पूर्वेच्या खिडकीतून सकाळी साडेसहाला ऊन थेट त्या खिंडीवर पडतं, अगदी खरी पहाट वाटते. पण जेमतेम वीस मिनिटं. मला पहारेकऱ्याच्या भुवईपासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं लख्ख हवंय. म्हणजे जवळून लांब फोकस सरकवत साठ फोटो काढायचे आणि मग संगणकावर त्यांचा एक करायचा. एका सकाळी वीसच होतात, म्हणजे तीन सकाळी लागणार. अट एकच, तोवर टेबलावरचं काहीही केसभरसुद्धा हलता कामा नये.

आणि अप्पांची सहाची बदली! त्यांना विचारायची हिंमत झाली नाही. पण देवच पावला. अप्पा आणि नीलम्मा उद्या पहाटे अक्कलकोटला भाचीच्या लग्नाला निघालेत, अठराला परत. पहारा बदलायचं काम माझ्यावर सोपवलं. अप्पांनी माझा हात हातात घेऊन दोनदा सांगितलं. मी म्हटलं, काळजीच करू नका.

१५ एप्रिल

वीस फोटो सुंदर आले. सहाला हात पुढे केला आणि मागे घेतला. बाहेरचा थोडाही हलला तर सकाळचं सगळं पाण्यात. शिशाचाच तर आहे. अप्पांचा फोन आला, मी सांगितलं, बदलला. खोटं बोलताना जरा वाईट वाटलं, पण फोटो बघून म्हातारा खूश होईल.

१६ एप्रिल

आणखी वीस. आजही बदलला नाही. फोनवर आजही हो म्हटलं.

सोडा थोडा पसरलाय. पहारेकऱ्याच्या बुटांपाशी दोन बारीक खळगे दिसतात, वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकावं तसे. पाल फिरली असेल.

१७ एप्रिल

एक्केचाळिसाव्या फोटोत कड्यावर कुणीच नाही.

आधी कॅमेऱ्याला शिव्या दिल्या. मग टेबलाकडे पाहिलं. खरंच नाही. कड्यापासून तंबूपर्यंत सोड्यात पावलं उमटलीत, ज्वारीच्या दाण्याएवढी. चिमट्याने तंबूचं कापड उचललं. शेगडीभोवती बारा.

घरात मी एकटी, दार आतून बंद. कुणी चेष्टा करायची म्हटली तरी कोण करणार? भीती वाटली, खोटं कशाला लिहू. सहा वाजता अप्पांसारखंच पुटपुटत एकाला बाहेर ठेवला. पडला. दुसरा ठेवला, तोही पडला. एकेक करून बाराही ठेवून पाहिले. कड्यावर एकही उभा राहत नाही.

१८ एप्रिल

सकाळी फोटो घेतला, नुसता बघायला. कड्यावर कुणीतरी उभं आहे. डोळ्यांनी पाहिलं तर टेबल रिकामं, फोटोत मात्र आहे. मोठं करून पाहिलं. फौजी कोट नाही. पिवळा कुडता, खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी. मी आत्ता घातलाय तोच कुडता.

तेव्हापासून पायांची बोटं गार पडलीत. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालंय आणि मी चादर पांघरून बसलेय. बसलेय असं लिहिलं, पण बसवत नाही. दर थोड्या वेळाने उठून खिडकीशी जाऊन उभी राहते, खिंडीतला पहारेकरी ज्या दिशेला बघायचा त्याच दिशेला तोंड करून.

दुपारी अप्पा आले. टेबल बघितलं, मग माझ्या अंगावरची चादर. म्हणाले, "यव्वा, बदललं न्हाईस की तू. एवढं एकच तर सांगून गेलतो."

मग त्यांनी ते एकदा चुकल्याचं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी अप्पा तापाने पडले होते, भाऊ अमृत दोन संध्याकाळी पहारा बदलायचं विसरला. तिसऱ्या दिवशी भर मे महिन्यात तो गारठायला लागला. शिशाचा सैनिक सैनिकाला सोडवतो, माणसाला सोडवायला माणूसच लागतो. अमृतची बायको अक्षता त्याच्या उशाशी बसून बोलून गेली, तुमी जावा, मी थांबते. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, नुसतं जागरणाचं बोलली. अमृत घटकाभरात बरा झाला. अक्षता पाचव्या दिवशी गेली. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिला.

मी ओरडले, मग हे टेबल जाळलं का नाही? अप्पा म्हणाले, तंबू मोडला तर माझा सोमेश उघड्यावर पडंल.

१९ एप्रिल

निघून जायचा प्रयत्न केला. उंबऱ्यापर्यंत गेले, पुढे पाऊल उचलत नाही. अप्पांनी धरून ओढलं, मी किंचाळले, तळवे फाटल्यासारखं दुखलं. डॉक्टर येऊन गेले. थर्मामीटर दोनदा झटकून बघितला आणि इस्पितळात हलवा म्हणाले. हलवणार कसं?

टेबल मीच मोडायला गेले. हात कापडापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. चौकीचा पहारेकरी चौकी मोडत नाही, असं काहीसं वाटलं. हा विचार माझा नाही.

सहाला अप्पा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. डोळ्यांत पाणी, ओठ हलत होते. त्यांनी तोंड उघडलं. ते एक वाक्य म्हणणार असं मला वाटलं आणि देवाशप्पथ, म्हणावं असंच मला वाटत होतं. म्हातारे आहेत, जगून झालंय, असलं सगळं मनात आलं. मग खालून नीलम्मांनी हाक मारली.

अप्पा खाली गेले.

२० एप्रिल

अपेक्षाचा फोन वाजतोय. उचलता येत नाही, काचेला माझं बोट कळतच नाही, इतकं गार. ती इथे येता कामा नये. बाकी माझं काहीही होवो. ती आली तर असलं काहीतरी बोलणारच. आईचं दुखणं, माझे क्लास, कुणाचीही रांग, सगळीकडे हीच पुढे होते.

अप्पांना हात जोडले. तिला फोन करा, सृष्टी कामासाठी पुण्याला गेलीय म्हणून सांगा. त्यांनी शपथ घेतली. माझ्यासमोर फोन केला, नीट सांगितलंही. तिला पटलं. मी रडले. पाणी गालावर कडक झालं.

२१ एप्रिल

पाय नाहीत. म्हणजे आहेत — कळत नाहीत.

श्वासाची वाफ दिसते. खाली रसवाला घंटी वाजवतोय.

नीलम्मा पेज घेऊन आल्या. माझ्याकडे बघेनात. वाटी ठेवताना म्हणाल्या, ह्यांचं मन लई हळवं झालंय, दोन दिवस जेवले न्हाईत, आज उद्या तुझ्यापुढं बोलून जातील. माझा एकच लेक गेला, आता ह्यांना कशी सोडू. म्हणून तुझ्या बहिणीला मी खरं काय ते कळवलंय — खरं म्हणजे एवढंच, की तू आजारी हायस, हुडहुडी भरलीय, कुणीतरी जवळ पाहिजे.

मी नको नको म्हणायला गेले. आवाजच निघेना.

उद्या सकाळच्या गाडीने निघतेय ती.

२२ एप्रिल

पाचवा दिवस.

मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतेय, दिसेल असं — अपे, काही बोलू नकोस. माझ्यासाठी थांबते म्हणू नकोस. घरी जा. — वही दारात टाकायची होती. हात सुटत नाही वहीवरून.

खाली रिक्षा.

तिचा आवाज. जिन्यात —

आली. मला बघून हसली, मग हसू गेलं. माझे हात तिच्या हातांत घेतले. मी मान हलवते, हलत नाही. वही दाखवते, तिला वाटतं मी काहीतरी हिशोब — ती वाचतच नाही. विचारते किती वेळ अशी उभी आहेस. खुर्ची ओढली. म्हणाली बस, झोप जरा, जा तू, मी आहे की, मी थांबते —

बोलली.

बसता आलं.

पेन नीट धरता येतंय. बोटांत मुंग्या, टाचांत कळ, आणि ऊब. गुडघ्यापर्यंत आली. इतकं बरं वाटतंय की लाज वाटते. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली आहे. म्हणतेय, इथे गार वारा कुठून येतो गं?

परत फिरवता येईल. मी म्हटलं की झालं. तेवढंच वाक्य. म्हणणार आहे, माझी धाकटी आहे ती, म्हणणारच. तिने ओढणी घट्ट गुंडाळून घेतली. म्हणते आत्ता. लगेच. फक्त पायांना जरा ऊब येऊ दे, एवढी छातीतली हुडहुडी जाऊ दे, मग लगेच, आधी जरा —