चवदा नंबरचा रंग

१२ नोव्हें., बुध.
लॉजच्या काउंटरवरची पाटी भाऊनं आज काढून टाकली. कोनती रूम खाली, कोनती भरली, थे मी खडूनं लिहो. आता म्हने टीव्हीवर चित्र दिसन. खामगावच्या एक मॅडम शिकवाले येनार. भाऊ मालक, त्याईनं सांगतलं, "वर्षा, तूच शिक. शोभाताईले बारीक दिसत नाही." शोभाताई माह्यासंगं रूमा झाडते. मी आठवी पास. माऊस कधी धरला नाही. नाही जमलं तं काय?

१४, शुक्र.
मॅडम आल्या. कॉम्प्युटरवर तक्त्यात रूमचा नंबर अन् तिची हालत लिहायची. टीव्हीवरच्या चित्रात बावीस डबे, एका रूमचा एक. 'भरली' लिहिलं का डबा लाल. खाली हिरवा. धुवायची पिवळा. काम चालू करडा. मी एकदा लिहून खालपर्यंत ओढलं, बावीसच्या बावीस लाल. भाऊ पयतच आले, "येवढी गर्दी कुठून आली व!"
सगळं पुसून पुन्हा लिहिलं. मंग जमलं.

१६, रवि.
घरमालकीन आजी अकोल्याले गेली, पोरीच्या बाळंतपनाले. दोन महिने. माह्या ईश्वरीले तीच पाहे. पावनेदोन वर्षाची हाये, एकटी कशी ठेवू. ह्यांचा पुन्याहून फोन, "तुह्या मायकडं ठेव." मायले सोताचं उठनं होत नाही.
लॉजवर लेकरू आनायचं नाही, हे भाऊनं पयल्याच दिवशी सांगतलं. माह्या आधीच्या बाईले त्याच्यासाठीच कामावरून काढलं.

१७, सोम.
नेली. रूम १४ मधे निजवली, कोपऱ्यातली हाये, तिकडं कोनी जात नाही. तक्त्यात लिहिलं, काम चालू, नळ गळते. डबा करडा झाला. नळ गळत नाही.
शोभाताईनं पाह्यलं. म्हने, "मले काय दिसते माय, मी तं आंधळी."

२०, गुरु.
दर्शनाची गर्दी. सगळे डबे लाल, एक करडा. लोकं बॅगा घेऊन उभे. भाऊ, "चवदाचा नळ कधी होते?" म्हटलं, प्लंबर लग्नाले गेला. एका खोट्याले दुसरं. वरून रडन्याचा आवाज आला. शोभाताई जोरात, "सतरावाल्यांच्या लेकराले दात येऊन राह्यले वाटते!"
दिवसभर भेव. मी जेवली नाही.

२५, मंगळ.
मॅडम परत आल्या. नवीन शिकवलं. डब्याच्या कोपऱ्यात आकडा येते. रूम किती दिवसापासून त्याच हालतीत हाये, थे मशीन सोताच मोजते. तारखेचा रकाना पयल्या दिवसापासून होता. मॅडम म्हने, "धंद्यात हेच पाहायचं असतं वर्षा, कुठं अडकलंय ते."
बाकी डब्यात ०, १, २. चवदात ८.
मले वाटलं रंग देला का झालं.
"मॅडम, हा आकडा लपवता येते काय?"
"येतो. का ग?"
"काही नाही."

२७, गुरु.
आकडा १०. भाऊ टीव्हीसमोर चहा पीत उभे. बोट ठेवलं. "दहा दिवस? एका नळाले? चावी आन, मीच पाहतो."
'खाली' लिहिलं असतं तं ० झाला असता. पन मंग गिऱ्हाईक वर गेलं असतं. चावी माह्या कमरेलेच होती.
जिन्यावर सांगतलं, "भाऊ, नळ चांगला हाये. माही पोरगी हाये आत."
थांबले नाहीत. दार उघडलं. ईश्वरी पलंगावर बसेल होती, टॉवेल डोक्यावर घेऊन. भाऊकडं पाहतच राह्यली. भाऊ बी.
"मशीनले बी खोटं बोलाले शिकवलं तू."
"हाव."
दार लावून खाली आले. मंग म्हने, "करडा काढ. भरली लिहू नको. खाली बी लिहू नको."
काय लिहू, थे सांगतलं नाही.

२८, शुक्र.
रकाना कोरा ठेवला. कोऱ्याले मशीन रंग देत नाही. चवदा नंबर पांढरी दिसते.
पोरीले आन, का नको आनू, कोनी काही म्हटलं नव्हतं. आनली. समोरच्या दारानं. भाऊ पेपर वाचत होते, मान वर केली नाही.
दुपारी अमरावतीच्या एका पाव्हन्यानं टीव्हीकडं हात केला, "हे चवदा पांढरं काऊन हो?"
मी भाऊकडं पाह्यलं.
भाऊ म्हने, "ठरलं नाही अजून."