केन्तो शिमासु

इचिकावा, जपान, गुरुवार संध्याकाळ

घ्यायचं ठरवलेलं घर गेलं, आणि घालवलं मीच. मोठ्या बँकांनी कायमचा व्हिसा नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. स्टेशनजवळची छोटी बँक मात्र कर्ज स्वतःकडेच ठेवते, पुढे विकत नाही, म्हणून माणूस बघून देते. तिथले मोरिता-सान कागद वाचून म्हणाले, "केन्तो शिमासु." विचार करतो. आमच्या ऑफिसात याचा अर्थ सरळ नकार. माझी लेक रेवा म्हणाली, "आई, विचार करतो म्हणाले ना ते?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." आणि घराच्या एजंटला 'आम्हाला जमणार नाही' असं कळवून मोकळी झाले.

आज मोरिता-सानांचा फोन आला. कर्ज मंजूर! घर परवाच दुसऱ्यांनी घेतलं. केन्तो शिमासु... तो भला माणूस खरंच विचार करत होता.

रेवाला काय सांगू? तिला कळलं होतं.