उपाशी पट्टी

३ जानेवारी
दादा एकदाचा हो म्हणाला! अट घालूनच — "या हंगामात गव्हाचं खत तुझ्या उपग्रहाला विचारून. पीक घसरलं, तर पुन्हा शेतात लुडबूड करायची नाही." वहिनी मागे उभी राहून हसत होती. मी ऐटीत "कबूल" म्हटलं. 

६ जानेवारी
खताचा पहिला हप्ता पडला. रस्त्याकडची एक पट्टी मुद्दाम बिनखताची सोडली, उपग्रहाच्या चित्रात दिसेल एवढी रुंद. ही उपाशी पट्टी आणि बाकीचं शेत यांच्या रंगातल्या फरकावरून कळणार, की जमीन स्वतःचं किती देते आणि दुसऱ्या हप्त्याला कुठे किती घालायचं. दादाला हे नीट समजावणार होते. तोंड उघडलं तोच म्हणाला, "आभाळातून बघून पोट भरतं का कुणाचं?" मग बसले गप्प. जा, नाही सांगत!

१९ जानेवारी
ढग. चित्रात नुसता कापूस. उपग्रहसुद्धा दादाला सामील दिसतोय.

२४ जानेवारी
आलं चित्र! पट्टी पिवळट, बाकी सगळं हिरवं. अगदी हवं तसं. जवळून मात्र केविलवाणी दिसते बिचारी. शेजारचा ट्रॅक्टरवाला रस्त्यावरून ओरडला, "बहिणीचा प्रयोग वाटतं!" आणि फिदीफिदी हसला. दादा त्याला म्हणाला, "तू तुझं बघ." वाटलं, आता घरी येऊन माझ्यावर काढणार. पण घरी येऊन तो पाण्याच्या पाळीचं बघायला लागला.

८ फेब्रुवारी
हे काय! पट्टी बाकीच्या शेताइतकीच हिरवी झाली. चित्र पुन्हा पुन्हा उघडलं. शेतात जाऊन पाहिलं, तिथेही तेच. म्हणजे जमिनीतच भरपूर आहे, उशिरा का होईना देते आहे. दुसरा हप्ता जवळजवळ लागणारच नाही! जेवताना सांगितलं. दादाचा घास हातातच राहिला. "म्हणजे खत घालायचंच नाही?" "नावापुरतं." ताटावरून उठून गेला. हार झोंबली असणार. मला मात्र, खोटं कशाला बोलू, गुदगुल्या झाल्या.

९ फेब्रुवारी
वहिनी म्हणाली, "हे कालपासून धड जेवले नाहीत. तुझ्या दारापर्यंत येतात आणि परत फिरतात." रुसू दे. उद्या खत.

१० फेब्रुवारी
सकाळी खताच्या यंत्रात कुठे किती घालायचं त्याचा नकाशा भरत होते, तर दादा येऊन समोर उभा. नजर जमिनीवर.
"थांब. ती पट्टी जमिनीने नाही हिरवी केली. मी केली."
पाणी द्यायच्या आधी हाताने युरिया फेकून आला होता!
"पिवळी पडत चालली होती गं. लोक हसायला लागले. मला वाटलं, तुझं काहीतरी चुकलं. तोंडघशी पडली असतीस."
भांडायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. मी त्याला सांगितलंच नव्हतं ना! तो आला नसता, तर आज सगळं शेतच उपाशी राहिलं असतं. दोघांनी जमिनीवरच बसून जानेवारीचं चित्र पुन्हा पाहिलं. त्यावरून नवा नकाशा केला. या वेळी सगळं सांगितलं. त्याने ऐकलंही.

११ फेब्रुवारी
खत पडलं. नवी उपाशी पट्टी दादानेच आखून दिली, रस्त्याकडेलाच. संध्याकाळी तिथे पाटी दिसली. अक्षर त्याचं — "ही पट्टी मुद्दाम उपाशी ठेवली आहे. दया आल्यास आधी माझ्या बहिणीला विचारावे."