कबूल केलेला खजूर

स्फाक्स, ४ ऑक्टोबर

ती. उम्मी यांस,
सून एम्ना हिचा सादर सलाम. वि. वि.

फोन सोडून पत्र का लिहिते, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुमचा लेक हेदी शेजारी बसलेला असतो, आणि जे सांगायचं आहे ते त्याच्यासमोर माझ्या तोंडातून निघत नाही. बशीर टॅक्सीवाला उद्या तोझूरला निघतो आहे, त्याच्याच हाती हे देते.

सिरीनचे दात किडले आहेत. थोडेथोडके नाहीत. वरचे पुढचे चारही मुळापर्यंत गेलेत आणि दोन दाढांना खड्डे पडलेत. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अडीच वर्षांचं मूल काही खुर्चीत तोंड उघडून बसणार नाही, तेव्हा दवाखान्यात भूल देऊन झोपवायचं आणि एकाच वेळी सगळं उरकायचं. मी तिथे शहाण्यासारखी मान डोलावली आणि जिन्यात येऊन खाली बसले.

उम्मी, मी औषधांच्या दुकानात काम करते हो. रोज चार आयांना बजावते की बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवू नका. आणि घरी काय? तुमच्याकडचं वर्ष संपवून पोर इकडे आली, रात्री रडली की गोड दुधाची बाटली तिच्या तोंडात, की मी झोपायला मोकळी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. हल्ली फोटो काढताना मी तिच्या ओठांवर हळूच हात धरते. हेदी म्हणतो, हे सगळे तोझूरच्या खजुरांचे प्रताप, उम्मीने लाडावून ठेवली. मी त्याला तसं म्हणू देते.

तुम्ही पाठवलेले खजूर पोचले. सिरीनने आवडीने खाल्ले.

२४ तारीख मिळाली आहे. तुम्ही याच. तुमच्या मांडीवर ती शांत बसते, माझ्या मांडीवर तिला माझी छाती धडधडलेली कळते. लोभ असावा, आणि रागावलात तरी चालेल.

तुमची,
एम्ना

•

तोझूर, ११ ऑक्टोबर

चि. सौ. एम्नास,
नजीबाचे अनेक आशीर्वाद. इकडे क्षेम. वि. वि.

तुझं पत्र बशीरने गाडीत फिरवून फिरवून दिलं. त्याला माशाचा वास येत होता. स्फाक्सहून काहीही आलं तरी त्याला माशाचा वास येतोच, सुनेचा अपवाद करते.

बागेत घड उतरवायला माणसं चढली आहेत, त्यामुळे घरात बसायला जागा नाही. तरी तुझं पत्र दोनदा वाचलं. हेदी म्हणतो ते खोटं नाही. सिरीन इथे होती तेव्हा मी तिची चोखणी खजुराच्या पाकात बुडवून द्यायची. माझ्या आईने मला दिली, मी हेदीला दिली, आणि तो घोडा आजही दातांनी बदाम फोडतो. मला काय ठाऊक की एकाला पचतं ते दुसऱ्याला बाधतं! शाळेत जन्मभर पोरांना स्वच्छतेचा धडा शिकवला, तोही आठवला. नात आली तेव्हा मास्तरीण कुठे गेली होती कोण जाणे.

पण ही भूल काही माझ्या गळी उतरत नाही. आदल्या रात्रीपासून काही खायचं नाही, सकाळी दूधही नाही, असं तू फोनवर म्हणालीस. अगं, रमजानातसुद्धा आपण लेकरांना उपाशी ठेवत नाही. आणि झोपवायला तर मलाही येतं, एक अंगाई पुरते. उठवणार कोण? तिचा श्वास बघत कोण बसणार? त्या डॉक्टरीणबाईंना हे विचार, आणि त्या काय म्हणतात ते मला जसंच्या तसं सांग. गोड करून सांगू नकोस.

येते मी. सासूवर लोभ ठेव, ती दुष्ट नाही, भित्री आहे.

नजीबा

•

स्फाक्स, ३० ऑक्टोबर

ती. उम्मी यांस,
सादर सलाम. वि. वि.

सुखरूप पोचलात का, एवढं विचारण्यापुरतं लिहिते. हेदी फोन करणार नाही म्हणतो, आणि माझा हात फोनकडे जात नाही.

सिरीनचा उजवा गाल सुजला आहे, तापही आहे. त्या दिवशी काम झालं असतं तर ही वेळ आली नसती, असं हेदी दर तासाला म्हणतो. त्याचं काय चुकलं? पोरीच्या मनगटावर नावाची पट्टी बांधून झाली होती, चाकांची खाट दारात आली होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी शेवटचं म्हणून विचारलं की हिने काही खाल्लं तर नाही, आणि तुम्ही म्हणालात की गाडीत मी हिला एक खजूर दिला. ते पट्टी काढायला लागले. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासात जाते, हे त्यांनी तुम्हाला किती शांतपणे समजावलं. हेदी मात्र शांत राहिला नाही. भर वऱ्हांड्यात तो तुम्हाला अडाणी म्हणाला, तुम्ही या शहरात पाऊल टाकू नका म्हणाला, आणि बाकावरच्या सगळ्या बायका तुमच्याकडे बघत होत्या.

मी काहीच बोलले नाही. मला बोलता आलं नाही.

सूज उतरेपर्यंत औषध चालू आहे, मग नवी तारीख. हेदी म्हणतो, या वेळी उम्मीने यायची गरज नाही. प्रकृतीला जपा.

एम्ना

•

तोझूर, ५ नोव्हेंबर

चि. एम्नास,
आशीर्वाद. वि. वि.

गाल सुजल्याचं वाचलं आणि अन्न गोड लागेना. आता हे पोटात ठेवून मला निजता यायचं नाही, म्हणून सांगते. पोरी, मी तिला खजूर दिला नव्हता. खजूरच काय, पाण्याचा थेंब दिला नव्हता. पोर रिकाम्या पोटी होती. तुम्ही सांगितलं तसंच सगळं होतं.

ती चाकांची खाट बघितली आणि मला वाटलं की ही आत गेली की आपल्या हातची गेली. तो डॉक्टर विचारत होता, आणि माझ्या जिभेला एवढं एकच सुचलं की हो म्हटलं तर आज नेणार नाहीत. नेलं नाही. मला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं बघ, इतकी मी निर्लज्ज. हेदी ओरडत होता तेव्हाही मनात म्हणत होते, ओरड बाबा, पोर तर वाचली! आणि आता तिचाच गाल माझ्यामुळे फुगला आहे. खोटं बोलणाऱ्या पोरांना मी भिंतीकडे तोंड करून उभं करायची. मला कोण उभं करणार?

सगळ्यांनी विश्वास किती पटकन ठेवला, तेही बोचतं. आमच्या जरीद भागातली म्हातारी, पोर रडली की तिच्या तोंडात खजूर कोंबणारच! कुणाला शंका आली नाही. अडाणी म्हणवून घेणं सोपं गेलं, खोटारडी म्हणवून घेणं जड जाईल. तरी हेदीला सांग. त्याचा राग खऱ्या गोष्टीवर असू दे. इथे शेजारणी विचारतात, नातीचे दात झाले का, तेव्हा मी कोंबड्यांना हाकलायला उठते.

आता लोभ मागायलाही तोंड नाही. सिरीनला पापा.

नजीबा

•

स्फाक्स, १० नोव्हेंबर

ती. उम्मी यांस,
तुमच्या सुनेचा, मान खाली घालून, सलाम. वि. वि.

तुम्ही लिहिलंत ते मला ठाऊक होतं. त्याच वेळी, त्याच वऱ्हांड्यात, तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत ठाऊक होतं.

दोन महिन्यांपासून सिरीन खजूर तोंडाजवळ येऊ देत नाही. पुढच्या दातांना लागला की किंचाळते. तुमचे खजूर आवडीने खाल्ले असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. तिला एवढं दुखतं हे कुणाला कळलं, तर इतके दिवस आई काय करत होती असं विचारतील, म्हणून मी ते हेदीपासूनही लपवलं. मीच तिला कुस्करलेला भात भरवत होते. तेव्हा गाडीत तुम्ही खजूर दिलात आणि तिने मुकाट्याने खाल्ला, हे होणंच शक्य नव्हतं. शिवाय ती सगळा रस्ता माझ्या खांद्यावर झोपली होती.

मग मी गप्प का बसले? कारण तुम्ही तो खजूर कबूल केलात आणि माझ्या अंगातलं ओझं उतरलं. आज नाही! आज तिला नेणार नाहीत! मी एक शब्द बोलले असते तर डॉक्टरांनी तिला आत नेलं असतं. मी तो शब्द गिळला. मग हेदी ओरडला, तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण तेव्हा बोलले असते तर तो माझ्यावर ओरडला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर बाजूला पोरीचे बूट हातात धरून उभा. तुम्ही घाबरून खोटं बोललात. मी औषधं विकणारी, मला सगळं कळत होतं, आणि मी तुमच्या पदराआड लपले. माझी लाज तुमच्यापेक्षा मोठी आहे, ती माझ्याकडून काढून घेऊ नका.

हेदीला काल तुमचं पत्र दाखवलं आणि माझी गोष्टही सांगितली. तो जेवला नाही, आणि समुद्रावर निघून गेला.

तुम्ही विचारायला सांगितलं होतं, ते या वेळी धीर करून विचारलं. भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ तिच्या उशाशी बसतात, श्वासावर आणि नाडीवर नजर ठेवणं हेच त्यांचं काम, दातांकडे ते बघतही नाहीत. धोका अजिबात नाही असं ते म्हणाले नाहीत. फार थोडा आहे म्हणाले, आणि सूज परत आली तर तो धोका त्याहून मोठा. जसंच्या तसं सांगते आहे.

सूज उतरली. १९ तारखेला जायचं आहे. याल का? आपण दोघी खोटारड्या, एकमेकींवर पहारा करू.

लोभ ठेवा, माझ्या लायकीपेक्षा थोडा जास्तच.
एम्ना

•

तोझूर, १५ नोव्हेंबर

चि. सौ. एम्नास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला, मग हसू आलं, मग रडले. या क्रमाने. आता बरं वाटतं आहे.

पण मी येत नाही. माझ्या जिभेचा मला भरवसा नाही. तो डॉक्टर पुन्हा विचारेल आणि मी म्हणेन की अख्खी मेंढी खाऊ घातली. तू धीट हो. तुला ते जमेल, कारण लाज वाटणारी माणसंच पुढच्या खेपेला नीट वागतात. निदान शाळेत तरी मी हेच बघितलं.

हेदी फोन करत नाही. करू नको म्हणावं. त्याला काय बोलावं ते सुचत नसेल, मला काय ऐकावं ते सुचत नाही.

काम झालं की लगेच कळव.
तुझी, तुझीच,
नजीबा

•

स्फाक्स, २० नोव्हेंबर

ती. उम्मी यांस,
एम्नाचा सलाम आणि सिरीनचे बोळक्या तोंडाचे पापे. वि. वि.

झालं! पुढचे चारही काढावे लागले, दाढा वाचल्या. जागी झाल्यावर तिने आधी माझ्या कानफटात मारली, मग पाणी मागितलं, मग संध्याकाळी आरशात बघून जीभ त्या फटीतून बाहेर काढत बसली. आज शेजारणीसमोर हसली. मी तिच्या ओठांवर हात धरला नाही. हात उचलला होता, पण खाली घेतला.

आता खरी गोष्ट. काल खाट दारात आली, डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हेदी मध्ये पडला. म्हणाला, डॉक्टरसाहेब, मघाशी मी हिला एक बिस्कीट दिलं.

उम्मी, त्याच्या खिशात बिस्कीट नव्हतं, घरात नव्हतं. पोर पहाटेपासून माझ्या कडेवर होती. तो खाटेचा दांडा धरून उभा होता आणि सोडत नव्हता. या खेपेला मी गिळलं नाही. मी म्हणाले, यांनी काही दिलेलं नाही, हे घाबरलेत. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. हेदीने होकाराची मान डोलावली आणि दांडा सोडला. डॉक्टर म्हणाले की या दारात आलं की सगळ्यांच्याच मुलांनी अचानक काही ना काही खाल्लेलं असतं, आणि तिला आत घेऊन गेले. मग हा तुमचा एवढा मोठा लेक, त्याच वऱ्हांड्यात, त्याच बाकासमोर, खाली फरशीवर बसला आणि तोंड झाकून तुम्हाला हाका मारत रडला. बायका बघत होत्या. बघू दिलं.

बाकी क्षेम. लोभ आमच्या तिघांवर असू द्या, सध्या एकावर थोडा अधिक.

तुमची,
एम्ना

ता. क. हे पत्र बशीरच्या हाती दिलेलं नाही. ज्याने आणलं आहे तो काय बोलायचं ते रस्ताभर पाठ करत आला असेल आणि दारात विसरला असेल. त्याला काही विचारू नका. आत घ्या.