व्याह्यांच्या मांडवात बळाचा वाजवी वापर

कोपरखैरणे, मंगळवार, सकाळी ६.१०

ती. आप्पांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे दिलीपचा, वाकून नमस्कार. तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो का? म्हैस व्याली का? इकडे प्रेमला, मी आणि आमचे तात्या खुशाल आहोत. आमच्या लेकीचे, ज्ञानेश्वरीचे लग्न अजून तरी ठरलेलेच आहे. (हे वाक्य का लिहावे लागले, ते खाली येईल.)

रविवारच्या साखरपुड्याचे प्रेमलाने फोनवर सांगितले असेल, पण ते धरून चालू नका. ती कलमे गाळून सांगते. कार्यक्रम मुलाकडे, शिरवण्याला होता. निकेश मुलगा सोन्यासारखा, माणसे आगरी, मोठ्या मनाची आणि मोठ्या आवाजाची. जेवणे उरकली, बेंजो सुरू झाला. चार वाजून वीस मिनिटांनी मी हात धुऊन वळतो तो काय, चार धिप्पाड गड्यांनी माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना, तात्यांना, खुर्चीसकट उचललेले! तात्या हात वर करून ओरडत होते. आता आप्पा, तुम्हीच सांगा, आपल्या साताऱ्याकडे माणसाला चौघांनी खांदा दिला की मागून काय निघते?

मी दहावी असलो, तरी तुर्भ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षे सुटे भाग मोजून पास करतो, आणि नवा फौजदारी कायदा वाशीच्या फुटपाथवरून घेऊन दोनदा वाचला आहे, तळटिपांसह. (वकिलांना अजून जुनेच आकडे आठवतात.) कलम पस्तीस म्हणते, दुसऱ्याच्या शरीराचेही रक्षण करता येते. कलम सदतीस म्हणते, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर जायचे. पोलीस ठाणे रिक्षाने अकरा मिनिटे. तात्या जमिनीपासून साडेपाच फूट. म्हणून मी तात्यांचीच काठी घेऊन पुढच्या उजव्या खांद्यावर एक फटका दिला. मध्यम. जाड टोकाने नव्हे.

तो खांदा निकेशच्या मामांचा, हरेशशेठचा निघाला.

बेंजो थांबला. मामा खांदा चोळत म्हणाले, "आमी मान म्हनून नाचवतो, नि तुमी बडवता?" त्यांच्या घरात म्हणे मुलीकडच्या सर्वांत थोर माणसाला असे नाचवतात. (आगाऊ सूचना नव्हती.) मी शांतपणे सांगितले, धोका खरा असावाच लागतो असे नाही, वाजवी भीती पुरते. त्यावर तात्या भर मांडवात म्हणाले, "दिल्या, मुडद्या, आयुष्यात पहिल्यांदा कुणी उचललं व्हतं मला! तेबी बघवंना व्हय तुला?"

माफी मागितल्याशिवाय मामा लग्नाला येणार नाहीत, आणि मामांशिवाय निकेश बोहल्यावर चढणार नाही. पण माफी म्हणजे कबुली. मी नाही म्हणालो. ज्ञानेश्वरी डबा भरून देते, पण झाकण आपटून. काल एवढेच म्हणाली, "बाबा, तुमचं कलम बरोबर असेल. पण मला त्या घरात राहायचंय."

असो. कायदा माझ्या बाजूने आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
दिलीप

ता. क. पत्र तात्यांनी वाचले आणि वरचा "एक फटका" खोटा, "तीन" लिही म्हणाले. मोजमापात मी खोटे बोलत नाही, तेव्हा मान्य. तिसरा खुर्ची जमिनीला टेकल्यावर पडला. कलम चाळीसप्रमाणे भीती संपली की हक्क संपतो. म्हणजे तिसरा कुठल्याच कलमात बसेना. रात्रपाळी मागून घेतली आणि दुपारी शिरवणे गाठून तिसऱ्या फटक्याची माफी मागितली, मनापासून. मामा म्हणाले, "नि पयले दोन?" म्हटले, ते कायद्यात बसतात. मामा इतके हसले की खांदा धरून खाली बसले. मग बांगडा खाऊ घालूनच सोडले. लग्नाला येणार आहेत, एका अटीवर.

ता. क. दुसरा. यासाठीच खरे तर पत्र. अट अशी, की लग्नात खुर्चीवर मला नाचवणार आहेत. मला पोटमाळ्यावरही चक्कर येते, त्यामुळे मी ओरडेन, कदाचित तुमचेच नाव घेऊन. तुम्ही तालमीतले, कृपया जागचे हलू नका, माझी संमती आहे. फक्त खुर्चीचा एक पाय तात्यांनी स्वतः उचलायला मागून घेतला आहे. त्यांना मात्र काय वाटेल ते करून अडवा. त्यात कलम काय लागेल ते मी बघतो.