सोळा ओळींची नाडी

नारिवली, ता. मुरबाड
१४ ऑक्टोबर २०२४

चि. दर्शना हिस आबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

शहापूरहून एसटीने सुखरूप पोचलो. तुझ्या आईने बांधून दिलेले लाडू मुरबाडच्या स्टँडवरच संपले, हे तिला सांगू नकोस. तू म्हणालीस की फोनवर मी सगळ्यालाच झकास म्हणून ठेवून देतो, पण कागदावर मास्तर खोटं लिहीत नाही, म्हणून पत्रच हवं. मान्य. आज पहिलं.

डॉक्टरांनी त्या चालत्या पट्ट्यावर मला पळवलं तेव्हा वाटलं, आता हे काहीतरी भयंकर काढणार. त्यांनी काढलं काय, तर हृदयाला रोग नाही, पण बसून बसून ते आळसावलं आहे. तुझी आजी गेल्यापासून मी तीन वर्षं पडवीतून उठलो नाही, हे त्या यंत्राने कसं ओळखलं कोण जाणे!

इथे आलो तर हौसा पडवीत बसलेली. सिद्धगडाच्या माचीवरच्या शाळेतली माझी पहिली विद्यार्थिनी. म्हणाली, जुनी पोरं सगळी जमणार, २३ फेब्रुवारीला, माचीवरच. मी हरखलो. मग म्हणाली की गुरुजी आता चढायचे नाय, आमी डोली करू, दोन बांबू नि एक खुर्ची. खांदा द्यायला सुक्या सगळ्यांत पुढे. तो आता वाशिंदला कारखान्यात वॉचमन आहे. चौथीत त्याला हिवताप झाला होता, तेव्हा मी त्याला पाठीवर घेऊन सिद्धगड उतरलो होतो. आता त्याची पाळी, असं त्याचं म्हणणं. दर्शना, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला. चौऱ्याहत्तर साली बाविसाव्या वर्षी डोक्यावर ट्रंक घेऊन मी ती वाट एका दमात चढलो. तिथे आता पोत्यासारखा पोचू?

तेव्हा फोनवर तू घातलेली अट मला मान्य. सकाळी उठण्याआधीची नाडी पंचाहत्तरच्या खाली आली तर पायी. नाही आली तर निमूट डोली.

तू दिलेल्या घड्याळाचं मात्र माफ कर. पहाटे चष्म्याविना काटा दिसत नाही. माझं घड्याळ तुला ठाऊकच आहे. माचीवरच्या शाळेत घड्याळ नव्हतं, म्हणून कवायतीच्या तासाला मी सोळा ओळींची कविता रचली होती, आणि मुरबाडच्या हेडमास्तरांच्या घड्याळाशी ताडून पाहिली होती. बरोबर अर्धा मिनिट. परवा तुझ्या मोबाइलवरही तेवढंच भरलं. उजव्या हाताची दोन बोटं गळ्याशी, डाव्या अंगठ्याने पेरं मोजायची, तोंडाने कविता. आज पहाटे बारा पेरांच्या तीन फेऱ्या आणि वर सात झाली. त्रेचाळीस, दुप्पट शहाऐंशी.

सूनबाई छायासुद्धा याच घड्याळावर चालते. चहात दूध ओतलं की ती भांड्यावर चमचा वाजवते, मी पडवीत अंथरुणात पडल्या पडल्या सुरू करतो. शेवटच्या ओळीला चहा काठाशी आलेला असतो, गॅस बंद. एका कवितेत दोन कामं.

माया आहेच, जरा धाकही ठेव.
तुझा
आबा


शहापूर
२० ऑक्टोबर २०२४

ती. आबांस दर्शनाचा शि. सा. न. वि. वि.

लाडवांचं आईला कळलं. मी सांगितलं नाही. ती पत्र माझ्या आधी वाचते.

आता नीट ऐका. तुम्ही फोनवर विचारलं होतं की चालण्याने ठोके कमी कसे होतील, उलट वाढायला हवेत. आबा, आपल्या हापशावर जनाबाईची नात पाणी भरते तेव्हा दांडा चाळीस वेळा खालीवर होतो. तोच हंडा जनाबाई वीस हापशांत भरते. हंडा तेवढाच, हातात जोर जास्त. तुमचं हृदय सध्या त्या नातीसारखं आहे. रोज चालाल तर त्याच्या हातात जोर येईल, एका ठोक्यात जास्त रक्त जाईल, आणि निवांत पडलेले असाल तेव्हा त्याला उगाच दांडा हलवावा लागणार नाही.

पहिले पंधरा दिवस वीस मिनिटं, सपाटीला. मग दर पंधरवड्याला दहा मिनिटं वाढवा. वेग असा की चालताना कविता म्हणता आली पाहिजे, पण गाता येऊ नये. गाता आली तर तुम्ही फिरायला आलेले पाव्हणे आहात. म्हणताच आली नाही तर घाई करताय. छातीत दुखलं किंवा गरगरलं, तर तिथेच बसायचं आणि फोन करायचा. त्या दिवशी पत्र नाय!

रागावू नका. तुम्ही मला पाढे शिकवताना याहून जास्त रागवायचात.
तुमच्या धाकात वाढलेली आणि आता धाक दाखवणारी,
दर्शना


नारिवली
८ डिसेंबर २०२४

चि. दर्शनास उ. आ.

आज दीड महिना झाला. भात झोडून झालं, मोकळ्या शेतात वाल उगवून आला आहे, आणि मी बांधाबांधाने चालतो. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या ओळीलाच धाप लागायची. जनाबाई विचारायची, गुरुजी, रोज काय हरवतं तुमचं नि शोधता काय? मी म्हटलं, त्रेचाळीसातले सहा हरवायचे आहेत, ते हरवत नाहीत म्हणून शोधतोय. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं.

आता चाळीस मिनिटं होतात. पण खरी गंमत वेगळीच. चालताना कविता म्हणतो ना, तर प्रत्येक ओळीपाशी एकेक चेहरा भेटतो. ‘चढता चढता थकले पाय’ला हौसाचा, दोन वेण्या आणि नाकाला शेंबूड. ‘वारा पुसतो, दमला काय?’ला सुक्या, कवायत चुकवून उंबराच्या झाडावर चढलेला. तुझी आजी माझ्यासोबत माचीवर एक वर्ष राहिली. तिला ही कविता मुळीच आवडत नसे. म्हणायची, यात पाऊस नाही, फूल नाही, नुसते पाय. पन्नास वर्षांनी पाय कामाला आले, हे तिला सांगायला हवं होतं.

पण नाडी? आज पहाटे तीन फेऱ्या आणि सात. शहाऐंशी. एक पेर इकडे नाही, तिकडे नाही. तुझ्या हापशाच्या दांड्याला माझी शपथ घाल बाई.

छायाचं लक्ष हल्ली कामात नसतं. चहा दोनदा उतू गेला.

आशीर्वाद नेहमीचेच, आशा थोडी कमी.
आबा


शहापूर
१५ डिसेंबर २०२४

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यात ड्यूटीला निघाले आहे, म्हणून कार्डच. आकडा हट्टी असतो, त्याच्याकडे रोज डोळे वटारू नका. आता सपाटी पुरे. आठवड्यातून तीनदा घरामागच्या टेकाडावर वाघोबाच्या ठाण्यापर्यंत चढा. आणि नाडीबरोबर हेही लिहा की वाटेत किती वेळा थांबलात. मामीला चहावरून बोलू नका. माझ्या आठवणीत तिच्या हातून साधं दूधसुद्धा उतू गेलेलं नाही.

पाया पडते, पळते.
दर्शना


नारिवली
२ फेब्रुवारी २०२५

चि. दर्शनास उ. आ.

हे पत्र लिहायला चार दिवस लावले. मास्तर खोटं लिहीत नाही, पण टाळतो.

तू मागितलेला हिशेब आधी. वाघोबाच्या ठाण्यापर्यंत डिसेंबरात पाच वेळा थांबलो. संक्रांतीला दोनदा. या आठवड्यात एकदाही नाही. वर पोचून शेंदराला हात लावला आणि लगेच सगळी कविता म्हटली, धाप न लागता. समोर सिद्धगड असा जवळ दिसत होता, की हात लांब केला तर माची लागेल.

आणि आज पहाटे? तीन फेऱ्या आणि सात.

दर्शना, पाय फसवत असतील, आकडा फसवत नाही. पस्तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. म्हाताऱ्या बैलाला रंगवलं, घुंगरू बांधले, तरी दात मोजणाऱ्याला वय कळतं. तुझी अट मोडून चढलो तर तू काही म्हणणार नाहीस, पण मला माचीवर जाऊन पोरांच्या डोळ्यांत बघता येणार नाही. काल हौसाला निरोप धाडला की बांबू तोडा. सुक्या म्हणे आनंदाने नाचला.

घरातही बरं नाही. चहा आता रोज उतू जातो. मी बोललो, छाया रडली. म्हणाली, पंधरा वर्षं तेच भांडं, तेवढंच दूध, माझं काय चुकतं तुमीच सांगा आबा. तिला वाटलं शेगडीची आच वाढली, म्हणून शेजारच्या जगदीशला बोलावून तपासून घेतली. शेगडीला काही झालेलं नाही. माझ्या नाडीसारखंच, दोष सापडत नाही आणि सुधारणाही होत नाही.

२३ तारखेला तू रजा काढू नकोस. मला खुर्चीत बसून जाताना तू पाहावंस, असं वाटत नाही.

तुझा
आबा


शहापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस दर्शनाचा साष्टांग, लोटांगण, जे काही असेल ते सगळं!

आधी मामीची माफी मागा. मग पुढचं वाचा. मागितलीत? बरं.

तुमचं पत्र वॉर्डात वाचलं आणि मला राग आला. पाच वेळा थांबणारा माणूस एकदाही थांबत नाही आणि त्याची नाडी मात्र हलत नाही, हे काही पटेना. पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी चहाचा मजकूर सोडून दिला होता. दुसऱ्यांदा तिथेच अडकले. भांडं तेच, दूध तेवढंच, आच तीच, मामी तीच. मग बदललं काय? चमचा वाजल्यापासून गॅस बंद होईपर्यंत मध्ये असतं काय, आबा?

मामीला फोन केला. तीन दिवस पहाटे तिने तुम्हाला न सांगता, चमच्यापासून तुमच्या शेवटच्या ओळीपर्यंत मोबाइलवर वेळ लावली. तिन्ही दिवस छत्तीस सेकंद. तीस नाही, छत्तीस!

आता खडू घ्या. छत्तीस सेकंदांत त्रेचाळीस ठोके, तर साठ सेकंदांत किती? मी वहीवर तीनदा केलं. बाहत्तर येतात. तुमच्या वयाइतके.

ऑक्टोबरात तुमचा श्वास तोकडा होता, तुम्ही ओळी भराभर उरकायचात. चार महिने चालता चालता कविता म्हटलीत, एकेका ओळीपाशी एकेकाला भेटत बसलात. श्वास लांबला, तशी कविता लांबली. नाडी उतरत गेली आणि तुमचं घड्याळ तेवढंच मागे पडत गेलं, म्हणून आकडा जागचा हलला नाही. सबंध मुरबाड तालुक्यात नाडी मोजताना ही चूक करणारे तुम्ही एकटेच.

मंगळवारी इकडे या, डॉक्टरांकडून एकदा खात्री करून घेऊ. आणि हौसामावशीला कळवा, बांबू तोडले असतील तर मांडवाला वापरा.

आज माझीच नाडी शंभरावर आहे.
तुमची
दर्शना


नारिवली
१ मार्च २०२५

चि. दर्शना हिस आबाचे उदंड आशीर्वाद.

तुला रजा मिळाली नाही, तेव्हा सगळं बैजवार लिहितो. तुझ्या आईलाही वाचून दाखव. ती आधी वाचणारच म्हणा.

दवाखान्यात चौऱ्याहत्तर आले होते, त्यातले दोन सुईच्या भीतीचे. रविवारी पहाटे तुझं घड्याळ घालून, चष्मा लावून पाहिलं. बाहत्तर. छाया शेजारी साक्षीदार म्हणून उभी. माफी मी मागितलीच होती. आता आमचा करार असा, की माझी कविता तेराव्या ओळीच्या शेवटी आली की गॅस बंद, उरलेली मी चहा पिता पिता म्हणायची.

साडेसहाला निघालो. सुक्याने डोली आणलीच होती, झेंडूची माळ वगैरे लावून. म्हणाला, गुरुजी, असू द्या, दमलात तर. मी चालू लागलो. पहिल्या चढावर सगळे माझ्याकडे बघत होते, जसा मी कवायतीत त्यांच्याकडे बघायचो. तुझा नियम पाळला. म्हणता येईल, गाता येणार नाही, तेवढाच वेग. तासाभराने पाठीमागे कुणीतरी धप्पकन बसलं. बघतो तर सुक्या! वॉचमनच्या खुर्चीत बारा वर्षं बसून त्याचं पोट आधी चढतं, मग तो. मी त्याच्या गळ्याला बोटं लावली, तुझं घड्याळ पाहिलं, एकशे बावन्न. बसवलं, पाणी पाजलं, श्वास खाली येईपर्यंत हलू दिलं नाही. पोरं म्हणाली, सुक्याला टाका डोलीत, माळ त्याच्याच मापाची हाय. तो लाजेने लाल. शेवटी डोलीत तांदळाचं पोतं बसलं, आणि सुक्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चढला. हिवतापाच्या वेळी पाठीवर होता, आता खांद्यावर. पोरगं काही उतरायला तयार नाही.

सव्वानऊला माची. दर्शना, मी दमलो होतो. पण ते दमणं पडवीतल्या बसण्यापेक्षा किती हलकं होतं, सांगता येत नाही. हौसाने पायांवर पाणी घातलं आणि पोरांना ओरडून सांगितलं की गुरुजी पायानं आले रे, पायानं!

शाळेच्या ओसरीत सगळे ओळीने बसले. तेहतीस जण. कुणाचे केस पांढरे, कुणाचे गेलेले. हौसाने कवायतीची कविता सुरू केली. कुणीही विसरलं नव्हतं. तोच ठेका, तोच खटका, पन्नास वर्षांपूर्वी मी बसवलेला. हौसाची मुलगी कुणाली मोबाइल धरून बसली होती. सगळ्यांची कविता बरोबर तीस सेकंदांत संपली.

माझी संपली नव्हती. मी त्यांच्याबरोबरच सुरू केली होती, पण माझा श्वास आता त्यांच्यासारखा धावत नाही. ते थांबले तेव्हा माझ्या दोन-तीन ओळी बाकी होत्या. पोरं पूर्वी अशा वेळी खिदळायची. या वेळी सगळी गप्प बसून माझ्याकडे बघत राहिली. त्या सहा सेकंदांत माचीवर फक्त वारा आणि मी:

दमलो नाही, थांबलो नाही,
वाट अजूनी संपली नाही.

उतरतानाही पायीच आलो. सुक्याला अट घातली आहे, दुसऱ्या दिवसापासून रोज वीस मिनिटं, आणि आठवड्याला मला एक पत्र. फोन चालणार नाही. कालच त्याचं पहिलं कार्ड आलं. नाडी एक्क्याण्णव, शुद्धलेखन तेव्हाचंच.

उद्या पहाटे पुन्हा वाघोबाच्या वाटेला जायचं आहे. तुझी माया अशीच राहो, आणि माझ्या कवितेसारखी दरसाल थोडी लांबत जावो.

तुझा
आबा
(धाकलू गुरुजी, माची शाळा)